लक्षण, लक्षणा आणि उशिरा मिळालेले नाव

'लक्षण' हा शब्द मराठीत दोन शास्त्रांच्या वापरात आहे. काव्यशास्त्रात तो व्यवच्छेदक विशेषाच्या अर्थाने येतो. काव्यलक्षण सांगणे म्हणजे काव्याला काव्येतरापासून वेगळे करणारे गमक सांगणे. वैद्यकात तोच शब्द रोगाची खूण दाखवतो. एका शास्त्रात लक्षण वस्तूच्या स्वत्वाकडे बोट दाखवते, दुसऱ्यात वस्तूत शिरलेल्या बिघाडाकडे. एरवी ही दोन शास्त्रे आपापल्या आवारात राहतात आणि शब्दाचा हा दुहेरी वापर कोणाला अडचणीत टाकीत नाही. परंतु चाळिशी ओलांडलेल्या, नावावर पुस्तके असलेल्या एखाद्या लेखकाला स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे, निदान मिळते आणि तो त्या निदानाविषयी लिहू लागतो, तेव्हा ह्या दोन आवारांमधली भिंत पडते. त्याच्या लेखनातील पुनरावृत्ती, याद्यांची आवड, तपशिलाचा अट्टहास, शब्दाला शब्दशः धरण्याची सवय ही शैलीची लक्षणे मानावयाची की अवस्थेची? हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. शैलीमागे हेतू गृहीत धरलेला असतो; रोगलक्षणामागे तो नसतो. ताप कोणी मुद्दाम आणीत नाही. लेखनाचा एखादा विशेष एकदा ह्या दुसऱ्या अर्थाने लक्षण ठरला, की तो लेखकाने 'केला' असे म्हणण्याची सोय उरत नाही; तो त्याच्याकडून 'झाला' एवढेच म्हणता येते. निदानामुळे लेखकाला स्वतःविषयी काही कळते, आणि त्याच वेळी वाचकाच्या दृष्टीने त्याचे कर्तेपण संशयास्पद होते. उशिरा निदान झालेल्या लेखकांची आत्मकथने वाचताना समीक्षेपुढे जी अडचण येते ती ही.

आधी नावाचा विचार करावयास हवा, कारण नावानेच अर्धा निवाडा केलेला असतो. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर ह्यांनी १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे जगाकडे पाठ फिरवून आत वळणे सांगण्यासाठी रूढ केला. ग्रीकमधील 'स्वतः' ह्या अर्थाचे पद त्याच्या मुळाशी आहे. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर ह्यांनी ११ मुलांचे (८ मुलगे, ३ मुली) वर्णन करताना आणि १९४४ मध्ये व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर ह्यांनी ४ मुलग्यांचे वर्णन करताना हाच शब्द वापरला. म्हणजे एका वेगळ्या विकारासाठी घडलेले, मुळातच 'स्व'वर ठपका ठेवणारे पद ह्या मुलांच्या वाट्याला आले. मराठीने त्याचे 'स्वमग्नता' असे प्रामाणिक भाषांतर केले. हिंदीतील कायद्याची भाषा आणखी पुढे गेली: १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाच्या हिंदी नावात 'स्वपरायणता' हा शब्द आहे. परायण म्हणजे त्यालाच सर्वस्व मानणारा. वर्णनासाठी निघालेला शब्द येथे जवळजवळ नैतिक दोषारोपापर्यंत येऊन पोहोचतो.

मराठी समीक्षेला ह्या शब्दकुळाची ओळख वैद्यकापेक्षा जुनी आहे. मर्ढेकरांनी लेखकाच्या आत्मनिष्ठेला वाङ्मयीन महात्मतेच्या विचारात स्थान दिले, तेव्हापासून 'आत्मनिष्ठ' हे प्रशस्तिपत्र झाले. 'आत्मकेंद्रित' हा आरोप झाला. आणि 'आत्ममग्न' हे विशेषण समीक्षकाच्या त्या त्या वेळच्या मनःस्थितीनुसार कधी ह्या बाजूला, कधी त्या बाजूला झुकत राहिले. साठोत्तरी काळात एकाकीपणाला परात्मतेची तात्त्विक प्रतिष्ठा मिळाली. परिणामी आपल्याकडे एकटा लेखक म्हटला की तत्त्वज्ञान आठवते आणि एकटे मूल म्हटले की दवाखाना. मधल्या माणसासाठी, म्हणजे जो आयुष्यभर एकटा होता, लेखक होता आणि ज्याला पन्नाशीच्या उंबरठ्यावर दवाखान्याने नाव दिले, त्याच्यासाठी ह्या परिभाषेत जागा नाही.

'मग्न' ह्या उत्तरपदाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. मराठीत मग्न, तल्लीन, तन्मय हे शब्द भक्तिपरंपरेने उजळलेले आहेत. मग्नता कशात, हा खरा प्रश्न असतो. उशिरा निदान झालेल्या लेखकांची आत्मकथने वाचली तर मग्नता पानोपानी दिसते, पण ती 'स्व'त क्वचितच असते. ती नकाशांत असते, जुन्या ध्वनिमुद्रिकांत असते, शब्दांच्या घडणीत असते. डायना मरी, माइक लेसर आणि वेंडी लॉसन ह्यांनी २००५ मध्ये मांडलेला सिद्धान्तही ह्याच दिशेचा आहे: लक्ष अनेक वस्तूंवर पसरण्याऐवजी एका वेळी एकाच वाटेने, पूर्ण जोराने धावणे हे ह्या अवस्थेचे मूळ, असे तो म्हणतो. तो स्वीकारला तर 'स्वमग्न' ह्या शब्दातील उत्तरपद बरोबर ठरते आणि पूर्वपद चुकते.

हे सर्व एका लेखकाच्या उदाहरणात पाहणे अधिक उपयुक्त होईल. टिम पेज हे अमेरिकन संगीतसमीक्षक. १९५४ चा जन्म. 'वॉशिंग्टन पोस्ट'मधील संगीतसमीक्षेसाठी १९९७ मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि २००० मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, आस्पर्गर सिंड्रोमचे निदान. २००७ च्या ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये त्यांनी ह्याविषयी 'पॅरलल प्ले' हा निबंध लिहिला. २००९ मध्ये त्याच नावाचे पुस्तक आले. (निबंध अधिक घट्ट आहे. पुस्तकात आठवणींचा विस्तार होतो आणि मूळ प्रश्नाची धार काही ठिकाणी बोथट होते.) 'पॅरलल प्ले' ही बालमानसशास्त्राची संज्ञा. दोन मुले शेजारी शेजारी बसून आपापला खेळ खेळतात, एकमेकांच्या खेळात शिरत नाहीत, त्या अवस्थेचे हे नाव.

निबंधाच्या आरंभी पेज दुसरीच्या वर्गातील एक प्रसंग सांगतात. वर्गाची सहल बॉस्टनला गेली होती आणि तिच्यावर निबंध लिहावयाचा होता. मुलाने रस्ता लिहिला: गाडी कोणत्या गावांवरून गेली, कोणत्या क्रमांकाच्या मार्गाने गेली. बाईंनी लाल पेन्सिलीने इतक्या जोरात शेरा मारला की कागद फाटला.

हा प्रसंग आत्मकथनात का येतो, हे पाहण्यासारखे आहे. निदानानंतर लिहिणाऱ्या सामान्य लेखकाने तो 'पाहा, तेव्हाच लक्षण दिसत होते' ह्या सुरात सांगितला असता. पेजही तसे सुचवतात, पण त्यांच्या कथनात आणखी एक गोष्ट घडते. हा मुलगा पुढे समीक्षक झाला आहे आणि येथे तो आपल्या पहिल्या समीक्षकाचे परीक्षण करतो आहे. बाईंचा आक्षेप वाङ्मयीन होता: निबंधाला केंद्र नाही, महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे ह्यांचा विवेक नाही. आता प्रश्न असा, की सहलीचे केंद्र कोणी ठरवले? मराठीच्या अभ्यासकाला येथे 'स्थानपोथी' आठवावयास हरकत नाही. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पवित्र झालेल्या स्थानांची ती नोंद आहे. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला ओटा, कोठे पायरी, हे ती सांगत जाते. लीळा तेथे केवळ सूचित असतात, जागा तपशिलाने असते. त्या ग्रंथात केंद्र हरवले आहे असे कोणी म्हणत नाही. श्रद्धेने जागेलाच केंद्र केले आहे हे आपल्याला मान्य असते. दुसरीतल्या मुलाला ही मुभा नव्हती, इतकेच. अर्थात बाईंची बाजूही अगदीच टाकाऊ नाही. सहलीच्या निबंधात सहल असावी ही अपेक्षा रास्त आहे. परंतु निबंध वाईट ठरणे आणि मूल बिघडलेले ठरणे ह्यांत जे अंतर असते ते त्या फाटलेल्या कागदात बुजून गेले.

पेज ह्यांच्या बाबतीत घटनांचा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्या समीक्षेचे मूल्यमापन आधी झाले, निदान नंतर आले. १९९७ मध्ये ज्यांनी त्यांना पारितोषिक दिले त्यांनी नादाच्या बारकाव्यांवरील त्यांची पकड हा गुण म्हणून वाचला. २००० नंतर तेच लेखन कोणी लक्षण म्हणून वाचू लागला, तर लेखनातील एक अक्षरही न बदलता त्याचा दर्जा बदलतो. संहिता तीच राहून तिचा अर्थ बदलणे ही गोष्ट साहित्यशास्त्राला नवीन नाही. येथे मात्र बदल घडवणारा संदर्भ वाङ्मयीन नसून वैद्यकीय आहे आणि त्याला अधिकार आहे.

हा अधिकारही वाटतो तितका स्थिर नाही. पेज लहान होते तेव्हा त्यांना हे निदान मिळणे शक्यच नव्हते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग ह्यांनी आस्पर्गरचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले ते १९८१ मध्ये, आणि अमेरिकन निदानसंहितेत ह्या सिंड्रोमला जागा मिळाली ती १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत. 'उशिराचे निदान' ह्या शब्दप्रयोगातील उशीर पुष्कळदा व्यक्तीचा नसून शास्त्राचा असतो. पुढे २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने हे वेगळे नाव काढून टाकले आणि सर्व छटा एका वर्णपटात घातल्या. पेज ह्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात असलेले नाव पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर चार वर्षांतच त्या संहितेतून नाहीसे झाले. पाठोपाठ २०१८ मध्ये हेर्विग चेक ह्या इतिहासकाराने व्हिएन्नातील कागदपत्रांच्या आधारे आस्पर्गर ह्यांचे नाझी राजवटीच्या बालहत्या-योजनेशी असलेले सहकार्य उजेडात आणले. आयुष्याचा उलगडा करणारे नाव असे पायाखालून सरकू शकते. निदानसंहिता ही स्वतःच आवृत्त्या असलेली, पाठभेद असलेली संहिता आहे. आत्मकथन तिच्यावर सर्वस्वी विसंबले तर तिच्याबरोबर जुने होते.

आता लक्षणेकडे वळता येईल. स्वमग्न व्यक्ती शब्दशः अर्थावर थांबते, सूचितार्थ तिला कळत नाही, असे वारंवार म्हटले जाते. आपल्या शास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ती अभिधेवर थांबते. लक्षणा आणि व्यंजना तिच्या आवाक्याबाहेर राहतात. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ ह्यांनी केलेल्या प्रयोगात २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांना, बाहुलीच्या मनातील चुकीची समजूत ओळखता आली नाही. ह्या प्रयोगावरून 'दुसऱ्याचे मन न वाचता येणे' ही कल्पना रूढ झाली. ज्याला दुसऱ्याचे मन वाचता येत नाही तो लेखक कसा होईल, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. रेमी यर्गो ह्यांनी 'ऑथरिंग ऑटिझम' (२०१८) ह्या ग्रंथात नेमके हेच दाखवले आहे, की ज्या सिद्धान्ताने स्वमग्न व्यक्तीला श्रोत्याचे भान नाकारले त्याने तिला वक्तेपणही नाकारले. तिने काहीही सांगितले तरी ते सांगणे न मानता लक्षण मानण्याची व्यवस्था करून ठेवली.

उशिरा निदान झालेल्यांची आत्मकथने ह्या चित्राशी जुळत नाहीत. सूचितार्थ त्यांना कळत नाही असे नाही; तो वेगळ्या मार्गाने कळतो. पेज ह्यांनी लिहिले आहे, की माणसांत वावरणे ते शिकले ते एमिली पोस्ट ह्यांच्या शिष्टाचारावरील पुस्तकातून. इतरांना जे हवेतून मिळते ते त्यांनी नियम, कारण आणि परिणाम अशा रूपात वाचले. येथे अकराव्या शतकातील काश्मीरच्या महिमभट्टाची आठवण होणे अपरिहार्य आहे. आनंदवर्धनाने व्यंजना ही शब्दाची स्वतंत्र शक्ती मानली. महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त ती नाकारली. शब्दाला अभिधा ही एकच शक्ती. बाकी जे 'ध्वनित' होते म्हणतात ते सर्व अनुमानाने कळते, असा त्याचा पक्ष. धुरावरून अग्नी कळतो त्याच रीतीने बोलण्यावरून भाव कळतो. परंपरेने हा पक्ष मागे टाकला आणि ध्वनिसिद्धान्ताला मान्यता दिली. परंतु महिमभट्टाला काव्य कळत नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. त्याची काव्यदृष्टी तीक्ष्ण होती. तो अर्थबोधाचा मार्ग वेगळा सांगत होता. उशिरा निदान झालेला लेखक आपल्या आयुष्याविषयी जे सांगतो ते बरेचसे महिमभट्टाच्या पक्षाचे आहे: तुम्हांला जे क्षणार्धात प्रतीत होते ते मला पायरी पायरीने अनुमानावे लागते, आणि ती पायरी मला दिसते म्हणून मी ती लिहू शकतो. ह्या लेखनाचे वाङ्मयीन मूल्य पुष्कळदा ह्या दिसणाऱ्या पायऱ्यांतच असते. सहजप्रतीतीच्या वेगात आपल्या नजरेतून निसटणारी सामाजिक व्यवहाराची यंत्रणा तेथे संथपणे उलगडलेली सापडते.

ध्वनिसिद्धान्ताने 'सहृदय' ही कल्पना दिली. काव्य कोणालाही कळत नाही. ज्याचे हृदय कवीच्या हृदयाशी समान स्पंदन पावते त्यालाच कळते. ही कल्पना आपण नेहमी वाचकाच्या संस्काराशी जोडतो. पण तिच्यात एक समता दडलेली आहे: संवाद तुटला तर दोष एकट्या कवीचा नसतो. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन ह्यांनी २०१२ मध्ये मांडलेला 'दुहेरी समानुभूती'चा विचार ह्याच्याशी चांगला जुळतो. मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचे म्हणणे असे, की स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे अर्धेच सत्य आहे. इतरांनाही त्याचे मन कळत नाही, फक्त ते बहुसंख्य असल्यामुळे त्यांच्या न कळण्याला नाव पडलेले नाही. लाल पेन्सिलीच्या प्रसंगात असहृदय कोण होते, हा प्रश्न म्हणून खुला राहतो.

ह्या आत्मकथनांना मराठी परंपरेत ठेवून पाहिले तर साम्य आणि भेद दोन्ही बोलके आहेत. 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'उचल्या' (१९८७) ही तिन्ही शीर्षके म्हणजे समाजाने लावलेली नावे आहेत. बाहेरून चिकटवलेले नाव लेखकाने उचलून पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठेवले आणि लावणाऱ्यांनाच उत्तर देण्यास भाग पाडले. निदान हेही बाहेरून आलेले नाव, आणि तेही अनेकांनी शीर्षकात घेतले आहे. परंतु दलित व भटक्या-विमुक्त लेखकाला त्याचे नाव जन्मापासून माहीत होते. ते टाळणे शक्यच नव्हते. उशिरा निदान झालेल्याचे आयुष्य दुसऱ्याच नावांखाली गेलेले असते: तुसडा, तऱ्हेवाईक, एककल्ली, माणूसघाणा. कोल्हापूर-सांगलीकडे ह्यांत 'खुळा' ह्या शब्दाची भर पडते. हा शब्द रागाने येतो तसा मायेनेही येतो. 'खुळं हाय ते' म्हणून घरातले लोक त्या माणसाला एक कोपरा देतात, वेळेवर जेवू घालतात आणि त्याच्याकडून काही अपेक्षिणे सोडून देतात. ह्या मायेची किंमत कमी नाही. पण तिच्यात प्रश्न विचारणे थांबलेले असते. ज्याला घरात खुळा म्हटले गेले त्याने पुढे कविता लिहिल्या तर त्या 'खुळ्याने लिहिलेल्या' ठरतात, किंवा मग तो खुळा नव्हताच असे ठरते.

कागलच्या आनंद यादवांचे 'झोंबी' (१९८७) येथे तुलनेला घ्यावे. शीर्षकच कुस्तीच्या मातीतले. शिकू पाहणारा मुलगा, त्याच्या शिक्षणाच्या आड येणारा बाप, दारिद्र्य, शेतातले अमानुष कष्ट: प्रतिस्पर्धी समोर उभा आहे, त्याचे वजन ठाऊक आहे, त्याला कोठे धरावयाचे हे कळते आहे. म्हणूनच त्या कथनाला झोंबीचा आवेग मिळतो. उशिराच्या निदानाच्या कथनात प्रतिस्पर्धी दिसत नाही. माणूस चाळीस वर्षे कोणाशी तरी झुंजत असतो, हरत असतो, आणि आखाड्यात दुसरे कोणी नाही असे सगळे सांगत असतात. अशा कथनाचा आकार मागे पाहणारा होतो. तेथे घटना पुढे सरकण्यापेक्षा आधी घडलेल्या घटना पुन्हा वाचल्या जातात. लेखक आपल्याच आयुष्याचा टीकाकार होतो, हे ह्या प्रकाराचे आत्मचरित्र म्हणून असलेले वेगळेपण.

पुनर्वाचनाचा हा मोह मोठा आहे आणि बरीचशी पुस्तके त्याला बळी पडली आहेत. तेथे निदानाचा दिवस साक्षात्काराचा दिवस होतो. आधी अंधार, नंतर प्रकाश. प्रत्येक आठवण निकषाच्या एकेका कलमासमोर नेऊन ठेवली जाते. रिकामा रकाना भरला की प्रकरण संपते. संतचरित्रांतील गुरुभेटीचा साचा येथे वैद्यकीय पोशाखात परत आलेला दिसतो, फक्त गुरुभेटीनंतरचे भजन नसते. ऑस्ट्रेलियाच्या डॉना विल्यम्स (१९६३-२०१७) ह्यांचे 'नोबडी नोव्हेअर' (१९९२) ह्याला अपवाद आहे. निदान विशीच्या अखेरीस झाले असले तरी पुस्तक त्याच्याभोवती फिरत नाही. जगात वावरण्यासाठी घडवलेली कॅरोल आणि विली ही दोन सोंगे त्यात आहेत, आणि ही सोंगे काढल्यावर आत कोण, ह्या प्रश्नाला पुस्तक सोपे उत्तर देत नाही. 'आत्मचरित्रातील मी' हा एकसंध असतो ह्या गृहीतकाला एवढा धक्का सिद्धान्तनाच्या पुस्तकांनीही क्वचितच दिला असेल.

इंग्लंडच्या कवयित्री जोअन लिम्बर्ग ह्यांचे उदाहरण आणखी गुंतागुंतीचे आहे. २०१० मध्ये त्यांनी 'द वुमन हू थॉट टू मच' हे आत्मकथन लिहिले, ते मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, निदानाच्या आधारे. त्यानंतर, चाळिशीच्या आरंभी, स्वमग्नतेचे निदान झाले. एकच आयुष्य, एकच लेखिका, दोन निदाने, दोन वाचने. पहिले पुस्तक त्यामुळे खोटे ठरत नाही. पण त्याचे भाष्यकारत्व पुढच्या पुस्तकाकडे जाते. २०२१ च्या 'लेटर्स टू माय विअर्ड सिस्टर्स'मध्ये त्यांनी चार स्त्रियांना पत्रे लिहिली आहेत: व्हर्जिनिया वुल्फ, नाझींनी मारलेली आडेलहाइड ब्लॉख, आस्पर्गरने तपासलेल्या एका मुलाची आई, आणि चेटकीण ठरवून खटला भरलेली खगोलशास्त्रज्ञ केप्लरची आई कॅथरिना. शीर्षकातील शब्दाची निवड पाहावी. ह्या बहिणी 'विचित्र' आहेत, एवढेच ती म्हणते; त्यांना निदान देत नाही. नातेसंबंध मान्य करून निदानापाशी थांबणे हा विवेक वाङ्मयीन तसाच नैतिकही आहे, आणि त्यासाठी पत्र हा प्रकार निवडणे अर्थपूर्ण आहे, कारण पत्रात समोरच्याला 'तू' म्हणावे लागते. प्रकरणवृत्तान्तात 'ती' पुरते.

मराठीत हा विवेक नसला तर काय होईल ह्याची कल्पना करणे अवघड नाही. जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) हे पहिले सावज ठरतील. चिकोडी तालुक्यातील एकसंबे हे जन्मगाव. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन. सभा-संमेलनांपासून कटाक्षाने दूर. 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार वाद होताच परत केलेला. त्यांच्या एकान्ताच्या आख्यायिका मराठीत इतक्या आहेत, की निकषांची यादी घेऊन बसलेल्या एखाद्या उत्साही अभ्यासकाला एका संध्याकाळी निबंध पुरा करता येईल. तो करू नये. निदान हा संमतीने, समोरासमोर घडणारा व्यवहार आहे. मृताला तो नाकारण्याची किंवा स्वीकारण्याची संधी नसते. उशिरा निदान झालेल्या लेखकाच्या बाबतीत नाव घेण्याचा निर्णय त्याचा असतो आणि त्याचे आत्मकथन त्या निर्णयातून लिहिले जाते. जी. एं.च्या बाबतीत ते नाव केवळ लेबल होईल. शिवाय त्या लेबलाने त्यांच्या कथांतील एकही वाक्य अधिक उजळणार नाही. आणि 'स्व'त मग्न म्हणावे तर चार खंडांत प्रसिद्ध झालेली त्यांची निवडक पत्रे समोर येतात. भेटी टाळणाऱ्या ह्या माणसाने पत्रांत किती माणसे, किती पुस्तके, किती तपशील जिव्हाळ्याने सांभाळले आहेत! एकान्त आणि आत्मकेंद्रितता ह्यांची गल्लत मराठी समीक्षेने त्यांच्याविषयी पूर्वीही केली आहे. नव्या वैद्यकीय शब्दाने ती गल्लत शास्त्रीय दिसू लागेल, एवढाच फरक पडेल.

ह्यावर एक मार्ग ज्युलिया मिएले रोडस ह्यांनी 'ऑटिस्टिक डिस्टर्बन्सेस' (२०१८) मध्ये दाखवला आहे. 'रॉबिन्सन क्रूसो', 'व्हिलेट' अशा मान्यवर कृतींत स्वमग्न म्हणून हिणवल्या जाणाऱ्या भाषिक विशेषांचा, म्हणजे याद्या, पुनरुच्चार, प्रतिध्वनी, नवे शब्द घडवणे ह्यांचा शोध त्यांनी घेतला. लेखकांना मात्र हात लावला नाही. जे दवाखान्यात दोष म्हणून नोंदले जाते ते ग्रंथालयात सौंदर्य म्हणून मान्य होते, हे त्यातून दिसते. मराठीत अशा वाचनाला भरपूर वाव आहे: महानुभावांच्या स्थाननोंदी, लोकगीतांतील पुनरुक्ती, बखरींतील याद्या. येथे कोणाचीही तपासणी करावी लागत नाही.

राहिला मराठीतील प्रथमपुरुषी लेखनाचा प्रश्न. भारतात स्वमग्नतेविषयीचे संस्थात्मक काम मुख्यतः पालकांच्या पुढाकाराने आणि मुलांसाठी उभे राहिले. दिल्लीची 'ॲक्शन फॉर ऑटिझम' १९९१ मध्ये सुरू झाली ती अशीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ह्या अवस्थेला कायदेशीर स्थान दिले. साहजिकच मराठीतील ह्या विषयावरचे लेखन बहुतांशी आई-वडिलांचे आणि डॉक्टरांचे आहे. ते आवश्यक आहे, काही वेळा उत्कटही आहे. पण त्याचा कर्ता नेहमी शेजारी बसलेला असतो. मूल मोठे होते, चाळिशीला येते, आणि कदाचित ते मूल म्हणून कधी ओळखलेच गेलेले नसते. शिक्षक, कारकून, प्राध्यापक, कवी म्हणून ते निभावून नेलेले असते. आपल्या मुलाच्या तपासणीला गेलेल्या बापाला प्रश्नावली वाचता वाचता आपलेच बालपण दिसू लागणे ही उशिराच्या निदानाची जगभर आढळणारी वाट आहे. ऑस्ट्रेलियाचे कवी लेस मरी ह्यांनी स्वमग्न मुलावर कविता लिहिली आणि स्वतःलाही त्याच वर्णपटावर पाहिले. असा बाप मराठीत लिहू लागला तर त्याला पहिली अडचण शीर्षकाची येईल. 'उपरा'ने जे केले ते 'स्वमग्न' ह्या शब्दाशी करता येईल का? 'उपरा' हा गावाने दिलेला शब्द होता. त्यात गावाचा आवाज ऐकू येतो, म्हणून तो उलटवता येतो. 'स्वमग्न' हा परिभाषेचा शब्द आहे, त्याच्यात कोणाचाच आवाज नाही. 'खुळा' ह्या शब्दात तो आहे.